आठ महिने रिकामी खुर्ची

हेअरस्टायलिस्ट व्हायचं म्हणजे कात्री शिकायची, असं मला वाटायचं. कात्री आली. कोर्स झाला, परीक्षा झाली, डमीच्या डोक्यावर बॉब आणि लेयर कापून कापून अंगठ्याला घट्टा पडला. मग वर्षभर बेसिनवर केस धुतले, ब्लो-ड्राय केले, केर काढला. त्याबद्दल तक्रार नाही, ते सगळ्यांच्याच वाट्याला येतं. माझं घोडं अडलं ते रिसेप्शनवरच्या रजिस्टरपाशी, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

नियम असा होता. कुणाचं नाव न घेता आलेला क्लायंट, म्हणजे वॉक-इन, आधी सिनिअरकडे जाणार. सिनिअर मोकळे नसतील तरच ज्युनिअरकडे. आणि ज्युनिअरला फ्लोअरवर, म्हणजे स्वतःच्या खुर्चीवर क्लायंट घ्यायला, पक्कं कधी करणार? तिच्याकडे परत येणारे क्लायंट ठरावीक संख्येला पोचले की. आता पहिल्यांदाच कुणी मिळत नसेल, तर परत कोण येणार? वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही आणि लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही, तशी गत. बरं, ती संख्या किती, हेही कुणी लिहून दिलं नव्हतं. विचारलं की उत्तर एकच, "बघू, अजून थोडी थांब." मी आठ महिने थांबले. म्हणून या कामात नव्याने येणाऱ्या प्रत्येकीला मी हेच सांगते: फ्लोअरवर कधी घेणार, किती क्लायंट झाल्यावर घेणार आणि ते मोजणार कोण, हे रुजू होण्याआधी लिहून घ्या.

एक दुपार तर डोळ्यांसमोरून हलत नाही. एक बाई आल्या. केस खांद्याखाली, फक्त टोकं कापायची होती. दोन्ही सिनिअर रंगाच्या कामात अडकलेले. नियमाप्रमाणे त्या माझ्याकडे यायला हव्या होत्या, पण त्यांना सोफ्यावर बसवलं. चाळीस मिनिटं. माझी खुर्ची तीन पावलांवर, केप घडी करून ठेवलेला, कंगवे धुऊन पुसलेले. त्या मधूनमधून माझ्याकडे बघायच्या आणि मी नजर चुकवायची. शेवटी सिनिअरनी दहा मिनिटांत काम उरकलं. संध्याकाळी मी रिसेप्शनवरच्या ताईंना विचारलंच, "मी मोकळी होते, मग मला का नाही दिल्या?" त्या म्हणाल्या, "अगं, नाव घेऊन मागितलं तर मी कुणालाही देईन. नाव नसलं आणि तुला दिलं, की बोलणी मला खावी लागतात."

रडू आलं मला. पण रात्री विचार करताना लक्षात आलं की रोज पंधरा-वीस जणांची डोकी मी धुते आणि त्यातल्या एकालाही माझं नाव माहीत नाही.

दुसऱ्या दिवसापासून मानेभोवती टॉवेल लावतानाच नाव सांगायला लागले. हात चालू असताना केस वाचायला लागले: भोवरा कुठे आहे, मागचा कट कुठे जड राहिलाय, कानामागचे केस किती विरळ आहेत. बोलायचं मात्र एकच वाक्य. "कपाळावर डावीकडे भोवरा आहे तुमच्या, म्हणून फ्रिंज फाटते ना?" लोक डोळे उघडून बघायचे.

मग फ्रिंजच, म्हणजे कपाळावर येणाऱ्या आखूड केसांचं काम, मागून घेतलं. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात. लांब केसांचा कट दोन-तीन महिने चालून जातो, पण फ्रिंज तीन आठवड्यांत डोळ्यांत येते. हे दहा मिनिटांचं काम सिनिअरना नकोसं वाटायचं. मालकांना म्हटलं, ते मला द्या. दोनदा नाही म्हणाले. एकदा एक जुन्या बाई फ्रिंजसाठी ताटकळून चिडल्या आणि पर्स उचलून निघाल्या, तेव्हा मालकांनी माझ्याकडे बोट केलं.

मी फ्रिंज कोरडीच कापली, आणि तुम्हीही कोरडीच कापा. ओला केस ताणला जातो आणि वाळला की आखडतो. ओली असताना भुवईला टेकलेली फ्रिंज वाळल्यावर कपाळाच्या मध्यावर जाऊन बसते. भोवऱ्याच्या बाजूचे केस जरा लांब ठेवले, कात्री उभी धरून टोकाटोकाने कापत गेले. बाईंनी मान हलवून पाहिली, बोटांनी केस विस्कटले, पुन्हा पाहिलं. काही बोलल्या नाहीत. पुढच्या महिन्यात रजिस्टरमध्ये त्यांच्या नावापुढे "फुल कट" आणि त्यापुढे माझं नाव, ताईंच्या अक्षरात, खाली रेघ मारून. मी ते पान तीनदा उलटून पाहिलं.

पुढचं भराभर झालं. फ्रिंजवाल्या कटला आल्या, कटवाल्या रंगाला, आणि वर्षाच्या आत मी पक्की झाले.

क्लायंट परत येतो तो ब्लो-ड्राय बघून नाही. घरी स्वतः धुतल्यावर केस कसे बसतात, त्यावर ठरतं. ब्रिटिश हेअरस्टायलिस्ट विडाल ससून यांनी १९६० च्या दशकात धुवा आणि सोडून द्या अशा कटांनी नाव मिळवलं, ते याच जोरावर. म्हणून कट झाल्यावर मी विचारते, घरी ड्रायर वापरता का? नसतील वापरत, तर ड्रायरने शेवट करून त्यांची फसवणूक करत नाही.

खुर्चीवरून उठायच्या आधी पुढची तारीख बोला. "कधीही या" म्हटलेला माणूस सहसा येत नाही.

एक वही ठेवा. नाव, शेड, डेव्हलपर (रंगात मिसळायचं पेरॉक्साइड) किती टक्के, रंग किती वेळ ठेवला. माझी वही एका चुकीतून सुरू झाली. एका बाईंना उजळ रंग हवा होता. "आधी काही लावलं नाही" म्हणाल्या, मी विश्वास ठेवला. घरी लावलेला गडद रंग निघाला. रंगाने रंग निघत नाही, त्यामुळे मुळं उजळली आणि खालचे केस काळेच राहिले. त्या परत आल्या नाहीत. आता मी हिशोब करून विचारते: केस तीस सेंटिमीटर असतील तर टोकं अडीच वर्षांची आहेत, त्या अडीच वर्षांत काय काय लावलं? आणि रंगाच्या ४८ तास आधी पॅच टेस्ट, म्हणजे त्वचेवर थोडा रंग लावून अॅलर्जी येते का ते पाहणं, कितीही घाई असली तरी.

सलून सोडताना तिथली फोन नंबरची यादी उचलून नेऊ नका. ती सलूनची असते, करारात बहुधा तसं लिहिलेलंही असतं. सही करण्याआधी तेवढं कलम नीट वाचा.

आणि हातमोजे. पहिल्या वर्षी रोजच्या पाण्या-शाम्पूने माझ्या बोटांच्या बेचक्या फाटल्या होत्या, कात्री धरली की चरचरायचं. रंगालाच नाही, केस धुतानाही घाला. मी घालायला लागले, तेव्हा कुठे त्या भरल्या.