म्युनिकच्या बिअरबागा: आधी टेबल बघा, मग बसा

‘म्युनिकच्या बिअरगार्टनमध्ये घरचा डबा नेलेला चालतो’ असं जर्मनीला निघालेल्या माणसाला कुणी ना कुणी सांगतंच. सांगणारा खोटं बोलत नसतो, फक्त अर्धंच सांगतो. डबा चालतो की नाही हे टेबलावर ठरतं. ज्या टेबलावर कापड अंथरलंय, काटे-चमचे मांडलेत, मेनूकार्ड उभं केलंय, तिथे वेटर येतो आणि बाहेरचं खाणं चालत नाही. उघडी लाकडी टेबलं आणि पाठ नसलेली बाकडी असतील तो भाग ‘सेल्ब्स्टबेडिनुंग’, म्हणजे स्वतः रांगेत उभं राहून आणायचं. डबा फक्त इथेच उघडायचा. एकाच बागेत, एकाच झाडाखाली हे दोन्ही भाग शेजारी शेजारी असतात. दमूनभागून आलेला माणूस पहिलं रिकामं बाकडं दिसलं की बसतो आणि तिथेच फसतो.

हा डब्याचा हक्क कुणाची मेहेरबानी नाही. बव्हेरियात, म्हणजे म्युनिक ज्या राज्याची राजधानी आहे तिथे, पूर्वी उन्हाळ्यात बिअर बनवायला बंदी होती. १५३९ च्या नियमाप्रमाणे २९ सप्टेंबर ते २३ एप्रिल एवढ्याच काळात बनवता येई. म्हणून साठा थंड राहावा यासाठी तळघरं खणली, वर खडी पसरली आणि रुंद पानांची, उथळ मुळांची चेस्टनटची झाडं लावली. लोक तिथेच येऊन प्यायला लागले, तसा शहरातल्या खानावळवाल्यांचा धंदा बसला. तेव्हा ४ जानेवारी १८१२ रोजी राजा पहिला माक्सिमिलियान योझेफ याने तोडगा काढला: बिअर विका, पाव विका, बाकी जेवण विकायचं नाही. लोक शिदोरी घेऊन यायला लागले ते तेव्हापासून. पुढे जेवणही विकायला लागले, पण शिदोरी टिकली. १९९९ च्या बव्हेरियन नियमावलीनेही स्वतःचं खाणं आणता येणं हे बिअरबागेचं लक्षणच मानलंय.

तेव्हा बिनधास्त डबा न्या. तिखटमिठाच्या पुऱ्या, दशम्या, थालीपीठ, दाण्याची चटणी, जे कोरडं आणि टिकाऊ असेल ते. ताटल्या, सुरी, कागदी रुमाल आपलेच हवेत. वासाची काळजी करू नका, शेजारी कुणीतरी भाजलेला अख्खा मासा सोलत बसलेला असतो. पेय मात्र आत न्यायचं नाही, पाण्याची बाटली टेबलावर मांडणंसुद्धा टाळा.

आता त्या माशाबद्दल, कारण खिसा खरा तिथे कापला जातो. ‘श्टेकर्लफिश’ म्हणजे काठीला टोचून निखाऱ्यावर भाजलेला मासा, बहुतेक वेळा बांगड्याच्या कुळातला माक्रेले. पाटीवर आकडा छोटा दिसतो, कारण भाव बहुधा १०० ग्रॅमचा असतो आणि ते त्याखाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. समजा पाटीवर ४ युरो आहेत आणि मासा ४५० ग्रॅम भरला, तर झाले १८ युरो. वर पाव वेगळा. मासा कागदात गुंडाळून हातात आल्यावर वाद घालायला जागाच उरत नाही, मागे रांग तुंबलेली असते. म्हणून भाजलेल्यांपैकी एका माशाकडे बोट दाखवून आधी ‘वास कोस्टेट देअर?’ (हा केवढ्याला?) विचारायचं, तो वजनकाट्यावर ठेवायला लावायचा, आकडा बघायचा आणि मग हो म्हणायचं. दोघांत एक पुरतो. चव? चांगली, पण जास्त भाजला की कोरडा. कोकणातला बांगडा खाल्लेल्याने डोळे विस्फारावेत असं काही नाही.

शाकाहाऱ्यांसाठी नावं फसवी आहेत. ‘लेबरकेस’मध्ये ‘केस’ म्हणजे चीज दिसतं, पण ती डुकराच्या आणि गाईच्या मांसाची भाजलेली वडी असते. ‘वुर्स्टझालाट’ हे सॅलड नसून कापलेल्या सॉसेजच्या चकत्या असतात. पावावर लावलेलं पांढरं लोण्यासारखं ‘श्माल्त्स’ म्हणजे डुकराची चरबी, आणि कोबीच्या भाजीतही बऱ्याचदा तीच पडते. खाण्यासारखं उरतं ते ब्रेत्सन (गाठीच्या आकाराचा खारा पाव), ‘ओबाट्स्डा’ (कामाम्बेर चीज, लोणी, पाप्रिका आणि कांदा कालवून केलेला लगदा, पावाबरोबर खायचा), मीठ लावून गोल कापलेला पांढरा मुळा ‘राडी’, आणि बटाट्याचे किसून तळलेले ‘रायबरदाची’ सफरचंदाच्या सॉसबरोबर. मुळा घ्याच. मीठ चोळून पाच मिनिटं ‘रडू’ द्यायचा, पाणी सुटलं की तिखटपणा उतरतो.

बिअरचं एकक ‘मास’, उच्चार आखूड, म्हणजे एक लिटर. साधारण १० ते १२ युरो. मागायची ती ‘हेलेस’, म्हणजे फिकट सोनेरी नेहमीची बिअर. हलकं हवं असेल तर ‘राडलर’, अर्धी बिअर अर्धं लिंबू सोडा. वाइसबिअरमध्ये, म्हणजे गव्हाच्या बिअरमध्ये, तोच सोडा घातला की ‘रुस’. काचेच्या मगावर कडेच्या खाली मापाची रेघ कोरलेली असते. बिअर रेघेपर्यंत यायला हवी आणि फेस रेघेच्या वर बसायला हवा. गर्दीच्या वेळी नळ जोरात सोडून फेसच भरला जातो. मापात पाप इथेही आहे, इतकं की फसव्या मापाविरुद्ध म्युनिकमध्ये नागरिकांची रीतसर संघटना आहे. फेस बसू द्या, रेघ बघा, आणि एक घोटही न घेता काउंटरवर परत जाऊन ‘बिट्टे नाखशेंकन’ (जरा आणखी भरा) म्हणा. निमूटपणे भरून देतात. अर्धा पिऊन गेलात तर हसतील. मातीच्या मगात आतलं दिसत नाही, म्हणून निवड असेल तर काचेचाच घ्या. भरलेला मग दोन किलोच्या वर जातो. मनगटाने नाही, दांड्यात चारही बोटं घालून उचला.

मगासाठी एक-दोन युरो अनामत घेतात आणि बऱ्याच ठिकाणी बिल्ला देतात. मग आणि बिल्ला दोन्ही परत दिले तरच पैसे. टेबल आवरणाऱ्याने रिकामा मग उचलला की अनामत गेली. रोख ठेवाच, सगळ्या टपऱ्यांवर कार्ड चालेल या भरवशावर राहू नका. ‘श्टामटिश’ अशी पाटी असलेल्या टेबलावर बसायचं नाही, ते नेहमीच्या मंडळींचं. बाकी ठिकाणी ‘इस्ट हिअर नोख फ्राय?’ (इथे जागा आहे का?) विचारून अनोळखी लोकांच्या शेजारी खुशाल बसा. ऑगस्टमध्ये गांधीलमाश्या मगात उतरतात, बिअरखाली ठेवायचा पुठ्ठा वर झाकण म्हणून ठेवा.

कुठे जायचं? फिक्टुआलिएनमार्क्टची बाग बाजाराच्या मधोमध आहे, पण दुपारी जागा मिळवण्यात तास जातो. एक राडलर घ्या आणि निघा. इंग्लिश गार्डन या मोठ्या उद्यानातल्या चिनी मनोऱ्याखाली ७,००० जण बसतात. मनोरा १७९० चा, १९४४ मध्ये जळाला आणि १९५२ मध्ये पुन्हा उभा केला. वर बँड वाजतो, फोटो छान येतो, रांग छान नसते. ऑगस्टिनर-केलर मुख्य स्टेशनापासून चालत दहा-बारा मिनिटांवर. तिथे लाकडी पिंपातली ‘एडेलश्टोफ’ नावाची बिअर मिळते, जराशी जड, ५.६ टक्के. नकाशात ‘ऑगस्टिनर’ नावाच्या चार-पाच जागा उमटतात, तेव्हा पत्त्यात आर्नुल्फश्ट्रासं हा रस्ता बघूनच निघा. वेळ एकाच बागेपुरता असेल तर हिर्शगार्टन. ८,००० जागा, कुंपणापलीकडे हरणं, आणि बिअरचा मग फडताळातून स्वतः काढून वाहत्या पाण्याखाली विसळून घ्यायचा. विसळायला विसरू नका, गार ओल्या मगात फेसही बेताचा येतो. बाबागाडी खडीत रुतते, लहान मुलाला उचलून न्यायची तयारी ठेवा.

हवा बिघडली की बाग बंद, म्हणून ढग दिसले तर आधी चौकशी करा. चांगल्या दिवशी साडेपाचनंतर जागा शोधत फिरावं लागतं, चारला पोचा. साडेदहाला काउंटर थांबतो, अकराला बाग मिटते.

परतीची वाट मात्र हलक्यात घेऊ नका. एक लिटर हेलेसमध्ये सुमारे ४० ग्रॅम अल्कोहोल असतं. ७० किलोच्या माणसाला एवढ्यातच गाडी चालवण्याची ०.५ पर मिलची (रक्तात हजारी अर्धा भाग अल्कोहोल) मर्यादा ओलांडता येते. भाड्याच्या इलेक्ट्रिक स्कूटरला मर्यादा गाडीचीच लागते, हे बाहेरून आलेल्यांना माहीत नसतं. सायकलला १.६ आहे, पण झोकांड्या खाताना दिसलात तर ०.३ लाही पकडतात. हिर्शगार्टनहून त्याच नावाचं एस-बानचं, म्हणजे लोकल गाडीचं, स्टेशन दहा-पंधरा मिनिटं चालत आहे. स्कूटर दारातच उभ्या असतात, राहू द्या तिथेच.