माझा अनुभव : वाईन चाखायला शिकताना ‘वास’ या रकान्यात अडकलो तेव्हा

माझ्या कागदावर मी ‘जांभूळ’ लिहिलं होतं. वर्गातल्या सरांनी लाल पेनाने ते खोडलं आणि वर ‘ब्लॅककरंट’ लिहिलं. वर्ष होत आलं, ती लाल रेघ अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

मी वरुड तालुक्यातला संत्रा बागायतदार. मामेभाऊ नाशिककडे वाईनची द्राक्षं पिकवतो. त्याच्या आग्रहामुळे एप्रिलमध्ये दोन दिवसांच्या वर्गाला नाव घातलं. दारू पिण्याचा परवाना ऑनलाइन निघाला. वर्षाचे १०० रुपये, आजन्म हवा तर १,०००. बडनेऱ्याहून रात्रीची गाडी धरली. यात कुठेच अडलं नाही.

पांढऱ्या कागदावर ग्लास तिरका धरून रंग पाहणं जमलं. चवीचंही फार शिकावं लागलं नाही, तोडणीआधी फोड तोंडात टाकून आंबटगोडाचा अंदाज घेण्यात आमचा जन्म गेला. घोट तोंडात घोळवून थुंकल्यावर गालांतून पाणी सुटलं तर आम्लता जास्त. कच्चं केळं चावल्यासारख्या हिरड्या आवळल्या तर टॅनिन, म्हणजे तुरटपणा देणारं द्रव्य. ते द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून उतरतं. थुंकायला लाजू नका. सगळे ग्लास गिळत बसलात तर चौथ्या ग्लासाला काही कळणार नाही.

अडलं ते ‘वास’ या रकान्यात. सोबत यादी होती : ब्लॅककरंट, गूजबेरी, एल्डरफ्लॉवर, सीडर. सगळी परदेशातली फळं, फुलं, लाकूड. यातलं एकही मी कधी हातात धरलेलं नाही, मग नाकाने ओळखायचं कसं? ग्लास फिरवून हुंगायचो, काहीतरी ओळखीचं येऊन जायचं, नाव मात्र ओठांवर यायचं नाही. शेजारचे भराभर लिहीत होते. दुसऱ्या दिवशीच्या परीक्षेत तीन ग्लास होते. माझे दोन रकाने कोरे आणि तिसऱ्यात ते जांभूळ. निकाल : दीड महिन्याने पुन्हा या. कसं शिकायचं विचारलं तर एकच उत्तर, “यादीतलेच शब्द लिहा.” एवढ्यासाठी मी रात्रभर प्रवास करून गेलो होतो.

घरी येऊन शोधाशोध केली. अशा याद्यांचं मूळ म्हणजे वासांचं चक्र, वासांची नावं गोलात मांडलेला तक्ता, १९८४ साली कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस इथल्या विद्यापीठात संशोधक ॲन नोबल यांनी मांडलेला. त्यासोबत शिकायची रीतही आहे : साध्या वाईनमध्ये ती ती वस्तू थोडी टाकायची, हुंगायची आणि नाव पक्कं करायचं. म्हणजे शब्द शेवटी येतो, आधी वस्तू. वर्गात हे कुणीच सांगितलं नव्हतं, आणि माझा राग याचाच आहे.

मग बायकोने बारा वाट्या मांडल्या. माझे डोळे बांधले. पेरू, ढोबळी मिरची, मिरे, लवंग, गूळ, लिंबाचं पान, ओली माती, अशा घरातल्याच वस्तू. बारापैकी चार ओळखल्या. एका वाटीला मी ठामपणे मोसंबी म्हणालो. “अहो, हे तं आपल्याच झाडाच्या संत्र्याची साल होय!” ती म्हणाली. ज्या बागेत वाढलो तिचं फळ मला डोळ्यांशिवाय ओळखता आलं नाही. तेव्हा कळलं की नाक शाबूत आहे, नावाशी त्याची गाठ बांधायची राहिली आहे. रोज संध्याकाळी वाट्या सुरू झाल्या. पंधरा दिवसांत दहा बरोबर येऊ लागल्या.

खर्रा (सुपारी-तंबाखूचं मिश्रण) खात असाल तर आधी तो सोडा. मी आठ दिवस सोडला तेव्हा कुठे मिऱ्याचा वास उघडला. सकाळी तर्री-पोहे खाऊन चाखायला बसू नका, अत्तरही नको. शिराझ या लाल वाईनमध्ये मिऱ्याचा वास आला नाही तरी घाबरू नका. मिऱ्यात आणि त्या वाईनमध्ये एकच द्रव्य असतं, रोटंडोन, आणि ते साधारण पाचांपैकी एकाला जाणवतच नाही.

‘लाल वाईन रूम टेम्परेचरला प्या’ हे आपल्याकडे मे महिन्यात पाळू नका. ती खोली युरोपातली, १६-१८ अंशांची. आपल्याकडे पारा ४५ला टेकतो, त्या गरम वाईनमधून नुसता अल्कोहोल नाकात चढतो. लाल बाटलीही आधी फ्रीजमध्ये गार करा. लाइट गेली असेल तर बर्फ-पाण्याच्या बादलीत ठेवा. माझी पहिली बाटली गरमच उघडली आणि वाया गेली.

जूनमध्ये पुन्हा गेलो. पहिला ग्लास सोव्हिन्यों ब्लां या पांढऱ्या वाईनचा. पिकलेला पेरू आणि हिरवी ढोबळी मिरची, हुंगताक्षणी नावं आली. दुसऱ्यात मिरे. तिसरा काबर्ने सोव्हिन्यों या लाल वाईनचा, तोच जुना वास. ‘ब्लॅककरंट’ लिहिलं आणि शेजारी ठसठशीत ‘जांभूळ’. या वेळी खोडलं नाही. पास झालो, आणि परतीच्या गाडीत तो कागद तीनदा काढून पाहिला.

एक राहिलंच : बाटली सोबत असेल तर वर्धा, गडचिरोलीकडे नेऊ नका, तिथे दारूबंदी आहे. आणि उघडलेली बाटली बूच लावून फ्रीजमध्ये ठेवली तर तीनेक दिवस टिकते.

यंदा जांभळं आली की मामेभावाला बोलावणार आहे. त्यानेही ब्लॅककरंट अजून पाहिलेला नाही. वाट्या तयार आहेत.