तळ्याचा चिखल

ठाण्यातल्या माणसाने तळं बघायला शहापूरकडे जावं, याचं आमच्या सोसायटीत हसू होतं. तलावांचं शहर ना आपलं! मासुंदा आहे, उपवन आहे, कचराळी आहे. तलावपाळीची संध्याकाळची चक्कर, कोपिनेश्वराला जाता जाता जोडलेले हात, बोटीत बसायचा हट्ट धरलेली पोरं, हे सगळं मलाही आवडतं. पण तिथे पाणी बघायचं ते कठड्यावरून. कठड्याखाली भिंत आणि भिंतीला लागून थेट पाणी. मध्ये काहीच नाही.

कसारा लोकलने आसनगावला उतरून आत गेलं, की एका गावाबाहेर ते ‘मध्ये’ आहे. दिवाळीनंतर तळं मागे सरकायला लागतं आणि चिखलाचा रुंद पट्टा उघडा पडतो. म्हशी त्यात खुरांचे खळगे करून ठेवतात, खळग्यांत पाणी साचतं, त्यावर किडे येतात आणि किड्यांवर शेपूट नाचवत धोबी पक्षी. ढोकरी तर तासभर समोर असते आणि दिसत नाही, रंगच मातीचा. आपण एक पाऊल जास्त टाकलं की उडते, आणि पंख उघडताच पांढरीशुभ्र! दर वेळी दचकायला होतं. गवताच्या काड्यांवर चतुरांच्या सुकलेल्या काती चिकटलेल्या असतात. त्यांची पिल्लं पाण्यात डासांच्या अळ्या खाऊन वाढतात आणि मोठी झाली की अशी काडी धरून वर येतात. काडीच नसेल तर?

खरी गंमत कमळपक्ष्याची. लांबच लांब बोटं पसरून तो पाण्यावरच्या पानांवरून बिनधास्त चालतो. यांच्यात मादी अंडी घालते आणि दुसरा संसार मांडायला मोकळी होते. उबवणं, पिल्लं सांभाळणं, सगळं बाप्याकडे. म्हशी घेऊन आलेल्या मावशींना मी हे मोठ्या हौसेने सांगितलं.

“आन् आमचा म्हातारा इतकी वर्सं बघतोय या तल्याकडं,” त्या म्हणाल्या, “त्याला नाय दिसलं कधी?”

वलगणीचं त्यांनीच मला सांगितलं. पहिल्या मोठ्या पावसात तळं, ओहोळ आणि भातखाचरं एक होतात आणि गाबोळीने भरलेले मासे उथळ पाण्याकडे चढतात. तेव्हा गाव कंदील, बॅटऱ्या घेऊन रात्री बाहेर पडतं. ऐन अंडी घालायच्या वेळी मासे धरू नयेत हे मला पटतं. कालवणाच्या वासापुढे ते किती टिकेल, सांगवत नाही. पण माशांना चढायला उतार लागतो. भिंत चढणारा मासा अजून माझ्या बघण्यात नाही.

गेल्या खेपेला गावातले एक पुढारी भेटले. तळ्याच्या सुशोभीकरणाचा प्रस्ताव दिलाय म्हणाले. चहूबाजूंनी दगडी बांध, पेव्हर ब्लॉक, बाकडी, सेल्फी पॉइंट.

“तुम्ही ठाण्याचे ना? तुमच्यासारखंच करायचंय.”

मी म्हटलं, भाऊ, निदान म्हशींची बाजू तरी मोकळी सोडा. ते विचारात पडले. मग म्हणाले, “तिथंच तर सेल्फी पॉइंट आहे.”