आमची वाटचाल : तक्त्यांच्या दुकानातून चित्रपुस्तकांकडे

वह्या, दप्तरं, कंपासपेट्या आणि जूनमधली गर्दी, एवढ्यावर आमचं रत्नागिरीतलं दुकान चालायचं. ते सासऱ्यांनी उभं केलं. २०१५ साली मी गल्ल्यावर बसू लागले, तेव्हा अजून शाळेत न जाणाऱ्या लहान मुलांसाठी दुकानात फळं, भाज्या, प्राणी आणि एबीसीडी यांचे तक्ते होते, बाकी काही नाही. मागणी त्यांनाच होती. आजही तीन वर्षांच्या मुलाला घेऊन आलेली आई आधी विचारते, "यातून अक्षरं येतील ना?"

अक्षरं शाळेत येतातच. घरी मांडीवर घेऊन वाचायचं पुस्तक वेगळं असतं, या एका गोष्टीवर आम्ही धंद्याची दिशा बदलली. तक्त्यात आंबा दाखवला, नाव घेतलं, संपलं. गोष्टीत तोच आंबा कुणीतरी पळवतं, आणि मूल आपल्याआधी पान उलटायला हात घालतं.

सुरुवात एका फळीपासून झाली. पुण्याच्या ज्योत्स्ना प्रकाशनाची आणि नॅशनल बुक ट्रस्टची पुस्तकं मागवली, मग प्रथम बुक्सची, नंतर चेन्नईच्या तूलिकाची मराठी-इंग्रजी द्विभाषिक. यांतली बरीचशी शंभर रुपयांच्या आत मिळतात. पुस्तकांवर जीएसटी नाही, त्यामुळे ग्राहकाला आणखी भुर्दंड नाही. पण कमिशन बेताचं आणि पार्सलचा खर्च आपला, म्हणून घर अजूनही वह्यांवरच चालतं. ते मला मान्य आहे.

नवीन पुस्तक आलं की दुपारी दुकान शांत असताना आम्ही ते मोठ्याने वाचतो. अनुवादाची वाक्यं जिभेला अडखळली की दुसऱ्यांदा मागवत नाही. तीन वर्षांच्या मुलासाठी पानाला एक-दोन वाक्यं पुरेत. एखादी ओळ पुन्हा पुन्हा येत असेल तर फारच छान, मूल ती आपल्याबरोबर म्हणू लागतं. छपाईचा फर्मा, म्हणजे एका मोठ्या कागदावर एकत्र छापून दुमडलेली पानं, बहुतेक सोळा पानांचा आणि अर्धा फर्मा आठांचा, म्हणून पुस्तकं सोळा, चोवीस, बत्तीस पानांची निघतात. अडीच वर्षांच्या मुलाला सोळा भरपूर होतात. आणि मी सगळ्यात आधी बघते ते हे, की शब्दांत नसलेलं काही चित्रात आहे का. मजकुरात "मनी कुठे गेली?" असावं आणि चित्रात पलंगाखालून शेपटी दिसावी. शेवटच्या पानावर उपदेश छापलेलं पुस्तक मी ठेवत नाही.

एकदा मिरकरवाड्यातून, म्हणजे इथल्या मच्छीमार बंदराकडून, एक आजी नातवाला घेऊन आल्या. त्याने पुस्तकातल्या माशावर बोट ठेवून विचारलं, "आजी, ह्यो कुठला?" आजींनी पान डोळ्यांजवळ नेलं. "बांगडो न्हाय. बांगड्याच्या पाठीवर काळ्या ओळी असतात, ह्याच्या कुठं हायत?" मग शेपटी, मग कल्ले, मग तोंड. खाली छापलेली ओळ आजींना वाचता येत नव्हती, पण तेवढ्या एका पानावर दोघं चांगला पाव तास रमले. आजींनी पुस्तक घेतलं.

तेव्हापासून माझ्या नजरेसमोर गिऱ्हाईक म्हणून आजी असते. आमच्याकडे कितीतरी घरांत बाप मुंबईला नाहीतर बोटीवर, आई कामावर आणि मूल आजीपाशी. मे महिन्यात आणि गणपतीला चाकरमानी येतात तेव्हा सगळ्यात जास्त विक्री होते. त्यांना मी आधी विचारते, घरी वाचून कोण दाखवणार? आजी असतील आणि वाचता येत नसेल, तर शब्दांविना नुसत्या चित्रांची पुस्तकं काढून देते.

पाऊस हा आमचा मोठा खर्च. जून ते सप्टेंबर पानं लाटांसारखी वळतात, लॅमिनेशन सुटतं, जाड पुठ्ठ्याची पुस्तकं फुगतात, कसर लागते ती वेगळीच. म्हणून पावसाळ्यात थोडाच माल मागवतो आणि तो बंद डब्यांत ठेवतो. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात पूर आला. त्यानंतर तिथल्या एका आईचा फोन आला. घरातलं बरंच काही गेलं होतं, आणि लेकीला तिचं तेच पुस्तक हवं होतं, दुसरं चालणार नव्हतं. आम्ही ते शोधून पाठवलं. एकच पुस्तक रोज मागणाऱ्या मुलाला कंटाळून नवीन पुस्तक घ्यायला येणाऱ्या पालकांना मी हा फोन सांगते आणि म्हणते, आणखी महिनाभर तेच वाचा.

विकत घेणं जमत नसेल त्यांना प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर हे संकेतस्थळ सांगते. २०१५ पासून तिथे मराठी गोष्टी मोबाईलवर फुकट वाचता येतात. माझी विक्री त्याने कमी झालेली नाही.

सध्या शब्दांविना पुस्तकांचं स्वतंत्र कपाट मांडतोय, आजींच्या हाताला येईल एवढ्या उंचीवर. दुपारी तीननंतर सतरंजी घातलेली असते. मुलाला घेऊन या, एखादं पुस्तक तिथेच वाचून बघा आणि मग घ्या.