सोयाबीन विकलं, मग अठ्ठावीस दिवस मोजले

औसा तालुक्यात आमची कोरडवाहू शेती आहे. गावात आम्हाला कुणी गरीब म्हणत नाही. पण ब्रिटनच्या विद्यार्थी व्हिसासाठी सातबारा चालत नाही. घर, सोनं, शेअर, सीएचं मालमत्तेचं प्रमाणपत्र, यातलं काहीच चालत नाही. लागते ती खात्यातली रक्कम, हवी तेव्हा काढता येईल अशी, आणि सलग २८ दिवस ठरल्या आकड्याच्या खाली न गेलेली. एक दिवस जरी खाली गेली तरी मोजणी पहिल्यापासून. शेतकऱ्याच्या घरात पैसा इतके दिवस थांबतो कुठं? आला की कृषी केंद्राची उधारी, पीककर्ज, कुणाचं तरी लग्न.

म्हणून मी जानेवारीची तुकडी धरली. सप्टेंबरच्या प्रवेशाला जून-जुलैत शिल्लक दाखवायची असते, आणि तेव्हा आमचे पैसे पेरणीत गेलेले असतात. जानेवारीसाठी नोव्हेंबरात दाखवली तरी चालते, म्हणजे रास झाल्यावर. आपल्याकडच्या मुलांना ही गोष्ट कुणी सांगत नाही. सल्ला देणारे पगारदार घराचा हिशोब धरून बोलतात.

२०२४ साली लंडनबाहेरच्या विद्यापीठासाठी राहण्या-खाण्याचे महिन्याला १,०२३ पौंड दाखवावे लागायचे. नऊ महिन्यांचे ९,२०७, म्हणजे तेव्हाच्या दराने दहा लाखांच्या आसपास. रुपयांचे पौंड अर्जाच्या दिवशीच्या दराने होतात, म्हणून आम्ही वर लाखभर जास्तच ठेवले.

फीसाठी शैक्षणिक कर्ज काढलं. बँकेनं शेतजमीन तारण घेतली नाही. बँकांच्या कर्जवसुलीचा सरफेसी कायदा शेतजमिनीला लागू नाही, त्यामुळे वसुलीसाठी ती बँकेला सहज विकता येत नाही. शेवटी काकांनी लातुरातला एनए प्लॉट तारण दिला. त्यांचे हे उपकार मी विसरणार नाही.

राहण्या-खाण्याचे पैसे मात्र घरचे. आईची ठेव मोडली, बाकीचं सोयाबीनवर. त्या वर्षी हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बाजारात भाव त्याहून बराच खाली. खरेदी केंद्रावर नोंदणी करा, ओलावा तपासा, मग पैशांची वाट बघा. अण्णा, म्हणजे माझे वडील, म्हणाले, "तिथं वाट बघत बसलो तर तुझे दिवस कवा मोजायचे? आडतीवर घालू." लातूरच्या बाजारात माल गेला. क्विंटलमागं जे नुकसान झालं ते माझ्या शिक्षणाच्या खर्चातच धरायला हवं. कुठल्याच कागदावर ते दिसत नाही.

रक्कम अण्णांच्या बचत खात्यात ठेवली, पण पीककर्ज असलेल्या बँकेत नाही. तिथं कर्जाकडं वळती होण्याची धास्ती होती. त्याच दिवसांत हरभऱ्याची पेरणी. बी-खत उधारीवर आणलं, खात्याला हात लावला नाही. विम्याचा हप्ता आपोआप कापला जायचा, तोही दुसऱ्या खात्यावर वळवला.

एका एजंटानं टक्केवारीवर "पैसे दाखवून देतो" म्हटलं होतं. अण्णांनी तिथल्या तिथं नाही म्हटलं. फसवणूक ठरली तर दहा वर्षं ब्रिटनचं दार बंद होतं, हे मुलांनी नीट ध्यानात ठेवावं.

आईवडिलांचं खातं चालतं, मात्र जन्मदाखला आणि त्यांचं संमतीपत्र जोडावं लागतं. माझ्या दाखल्यावर अण्णांचं घरातलं नाव, बँकेत दुसरंच. ग्रामपंचायतीत दुरुस्ती करून घ्यावी लागली, मग दाखल्याचं प्रमाणित इंग्रजी भाषांतर. हे काम प्रवेशाच्याही आधी हाती घ्या. आपल्याकडं निम्म्या घरांत नावांचा हा घोळ असतो.

२८ दिवस भरले त्याच आठवड्यात अर्ज केला. स्टेटमेंटची शेवटची तारीख अर्जाच्या दिवशी ३१ दिवसांपेक्षा जुनी चालत नाही. बोटांचे ठसे, मुलाखत वगैरे सुरळीत पार पडलं. व्हिसा आल्यावर अण्णांनी पहिल्यांदा कृषी केंद्राची उधारी फेडली आणि उरलेले पैसे मला पाठवले.

२ जानेवारी २०२५ पासून लंडनबाहेरसाठी दाखवायची रक्कम महिन्याला १,१३६ पौंड झाली. ती वाढत राहते. तेव्हा माल विकायच्या आधी ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावर चालू आकडा बघा आणि किती क्विंटल लागतील ते घरच्यांसोबत बसून काढा.