बोकडाचा होकार

आमचे गाव यवतमाळ जिल्ह्यात आहे. आखाडी आली की तिथल्या शिवेवरच्या मातामाय या देवीपुढे आजही बोकड उभा केला जातो. त्याला हळदकुंकू लावून अंगावर तांब्याभर पाणी ओततात आणि सगळे गप्प राहून वाट पाहतात. त्याने अंग झाडले की "घेतलं मायनं" असा गलका होतो आणि मगच सुरी बाहेर येते. एका तांब्याने भागले नाही तर दुसरा ओततात, तिसराही ओततात. बोकडाचा नकार कोणी मान्य केल्याचे मात्र मी कधी पाहिले नाही.

प्राचीन बळींविषयी वाचू लागलो तेव्हा हा होकार पुन्हा पुन्हा भेटत गेला. ग्रीकांच्या रीतीबद्दल प्राचीन ग्रीक लेखक प्लुटार्क सांगतो की, अर्घ्याची धार सोडल्यावर पशूने मान हलवल्याशिवाय त्याला मारत नसत. आपल्याकडे शतपथ ब्राह्मण या यज्ञविधींवरच्या वैदिक ग्रंथात तर यज्ञातल्या पशूसाठी 'मार' हा शब्दच उच्चारायचा नाही, कारण ती माणसांची रीत. त्याऐवजी 'संज्ञपय', म्हणजे 'त्याला राजी कर', असे म्हणायचे, असा दंडक आहे. प्रत्यक्ष मारण्याचे काम शमिता नावाच्या वेगळ्या माणसाकडे असे आणि तेवढा वेळ ऋत्विज, म्हणजे यज्ञाचे पुरोहित, तोंड फिरवून बसत. आमच्याकडेही नवस फेडणारा घरधनी स्वतः सुरी धरत नाही.

हा अवघडलेपणा कुठून आला असावा? वाल्टर बुर्कर्ट या अभ्यासकाने 1972 साली त्याचे मूळ आदिम शिकाऱ्याच्या अपराधभावात शोधले. मला ते पटत नाही. वेदांतला बोकड, मेंढा आणि बैल काय किंवा ग्रीकांचे बैल, मेंढ्या आणि डुकरे काय, बळी जातो तो बहुतेक गोठ्यातला प्राणी, रानातला क्वचितच. आणि म्हणूनच धर्मांचे अभ्यासक जोनाथन झेड. स्मिथ यांनी बळीची प्रथा शिकारीपेक्षा पशुपालनाशी जोडली, हे मला अधिक खरे वाटते. इराणच्या झाग्रोस डोंगरांत सुमारे 10,000 वर्षांपूर्वी माणसे शेळ्या पाळू लागली होती. रानातल्या जनावराशी आपला काही करार नसतो, पण आपल्या हातचा चारा खाल्लेल्या जनावराच्या गळ्यावर सुरी ठेवायची तर कोणाची तरी परवानगी लागते, आणि ती देवाच्या नावाने मिळवता येते. मेसोपोटेमियात देवांना रोजचे जेवण म्हणून मेंढ्या वाढत असत हे खरे, पण नुसत्या वाढण्याने होकाराचा हा सोपस्कार उलगडत नाही.

अथेन्समधील बुफोनिया या सणात हा सोपस्कार टोकाला गेलेला दिसतो. वेदीवर धान्य ठेवून भोवती बैल फिरवत. जो ते खाईल तो स्वतःच अपराधी ठरून मारला जाई. कुऱ्हाड टाकून मारेकरी पळून जाई, मग खटला चाले आणि प्रत्येक जण दोष पुढच्यावर ढकलत राही, तो अखेर हत्यारावर येऊन थांबे आणि ते समुद्रात फेकले जाई. बैलाच्या कातड्यात गवत भरून त्याला पुन्हा नांगराला जुंपत, जणू काही घडलेच नाही. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे शेकून "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या" असे म्हणणाऱ्या आमच्या गावाला त्या पेंढा भरलेल्या बैलाचा अर्थ कोणी समजावून सांगण्याची गरज पडणार नाही.