शिक्षक असल्याचा पुरावा

२०१९ चा ऑक्टोबर. स्टाफरूममध्ये सहामाहीच्या पेपरांपेक्षा फॉर्म १९ चीच, म्हणजे शिक्षक मतदार म्हणून नाव नोंदवायच्या अर्जाचीच चर्चा जास्त. विधान परिषदेच्या पुणे विभाग शिक्षक मतदारसंघाची मतदारयादी दर निवडणुकीला पाटी पुसून नव्यानं होते, मागच्या वेळी नाव होतं म्हणून चालत नाही. क्लार्क गठ्ठा घेऊन फिरत होते, माझ्यापाशी येऊन थांबले. "मॅडम, तुमची तीन वर्षं भरत न्हाईत की."

नियम असा, की १ नोव्हेंबर २०१९ च्या आधीच्या सहा वर्षांत माध्यमिक किंवा त्यावरच्या वर्गांना एकूण तीन वर्षं शिकवलेलं हवं. कोल्हापुरातल्या शाळेत मी लागले जून २०१८ ला. त्याआधी गडहिंग्लज तालुक्यातल्या एका विनाअनुदानित हायस्कूलमध्ये दोन वर्षं, मग धाकट्याच्या वेळी खंड. सलग नको, बेरीज चालते, हे कळलं आणि जीव भांड्यात पडला. फक्त त्या दोन वर्षांचा दाखला तिथल्या मुख्याध्यापकांच्या सहीनं आणायचा होता.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर सीबीएसवरून, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकावरून एसटी धरली. तिथले जुने सर निवृत्त झालेले. नवे सर भले वाटले, पण म्हणाले, "मी तुम्हाला शिकवताना पाहिलेलं नाही, सही कशी करू?" त्यांचं चूक नव्हतं. मस्टर काढायला सांगितलं तर पहिल्या वर्षाचं सापडलं आणि दुसऱ्या वर्षाचं पावसात भिजून पापडासारखं चिकटलेलं. नखानं पानं सोडवत बसलो. ऑगस्टपर्यंत माझ्या सह्या दिसल्या, पुढं निळा डाग. वर पगार रोख हातात मिळायचा, त्यामुळं बँकेचं पासबुकही कामाचं नाही. तेवढ्यात चहा घेऊन आलेले शिपाईमामा म्हणाले, "ह्या नववी बच्या बाई. निकालपत्रकं बघा की कपाटात." वर्गशिक्षक म्हणून त्यावर माझी सही होतीच, दोन्ही वर्षांची. सरांनी दाखल्यावर शिक्का मारला, वर झेरॉक्सचे पैसेही घेतले नाहीत.

येताना बसमध्ये एक विचार डोक्यातून जाईना. मत द्यायला मला एवढं सिद्ध करावं लागलं, पण याच मतदारसंघातून उभं राहणारा उमेदवार शिक्षक असलाच पाहिजे असा नियम नाही! तीस वर्षं पूर्ण हवीत आणि राज्यातल्या कुठल्याही विधानसभा मतदारसंघाच्या यादीत नाव हवं. ७८ जणांच्या विधान परिषदेत शिक्षकांच्या जागा सात, त्या कुणी लढवायच्या याला खडूची अट नाही. माझ्या वडिलांना हे पटायचं नाही. त्यांच्या लेखी आमदार म्हणजे एन. डी. पाटील सर. साताऱ्यात शिकवलं, इस्लामपूरला प्राचार्य झाले, अठरा वर्षं विधान परिषदेत, १९८५ ला कोल्हापुरातून विधानसभेत. टोलच्या आंदोलनातही उतारवयात रस्त्यावर. पण शिक्षक आमदार व्हायला शिक्षक असावंच लागत नाही, हे वडिलांना सांगायची माझी छाती झाली नाही.

जाऊबाई जिल्हा परिषदेच्या शाळेत बावीस वर्षं. त्यांनी फॉर्म हातात घेऊन पाहिला आणि परत दिला. "आम्ही न्हवं व्हय शिक्षक?" प्राथमिकच्या शिक्षकांना हे मत नाही. पदवीधर मतदारसंघासाठी फॉर्म १८ भरता येतो, तो माझ्यासारखाच त्यांनीही भरला, पण कपाळावरची आठी गेली नाही.

जुलै २०२० मध्ये आधीच्या शिक्षक आमदारांची मुदत संपली आणि निवडणूक कोरोनात अडकली. मतदान १ डिसेंबरला झालं. दारात टेंपरेचर गन, सॅनिटायझर, आणि मला दोन मतपत्रिका, एक शिक्षकची, एक पदवीधरची. पुरवणी अंकासारख्या मोठ्या, टेबलावर पसरल्या तर कडा खाली लोंबत होत्या. पक्षाचं चिन्ह नाही, नावापुढं पसंतीचा आकडा लिहायचा, तोही त्यांनी दिलेल्या जांभळ्या स्केचपेननंच. एक हा आकडा हवाच, पुढचे लिहिले तर लिहिले. अक्षरात 'एक' लिहिलं, टिक केली किंवा सही केली की मत बाद. पोरांना "प्रश्न नीट वाचा" म्हणून ओरडणारी मी, सूचना तीनदा वाचली. तरी शेजारच्या कप्प्यातून एक आवाज आलाच, "साहेब, दुसरी पत्रिका मिळंल का?"

निकालाला दीड-दोन दिवस लागले. पहिल्या पसंतीवर कोटा, म्हणजे निवडून यायला लागणारी मतं, भरला नाही, मग खालचे उमेदवार बाद करत, त्यांची मतं पुढच्या पसंतीला देत फेऱ्या. शेवटी आमच्या कोल्हापूरचे प्रा. जयंत आसगावकर तेव्हाचे आमदार दत्तात्रय सावंतांना हरवून निवडून आले. स्टाफरूमच्या ग्रुपवर पेढ्यांचे फोटो पडले. मी त्यांना पहिली पसंती दिली होती का, ते गुपित. ज्यांना दुसरी दिली, त्यांचं नाव मात्र आता मलाच आठवत नाही.